विओलाच्या गाडीतल्या दोन चकत्या

लेआर्कोने पियादा मागितला, मी त्याला करपलेला दिला.

त्याने ती जाडसर पोळी उलटी करून पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने खायला लागला. हा माणूस कित्येक वर्षं रोज सकाळी माझ्या टपरीवर येतो. पूर्वी पियादाला एक काळा ठिपका दिसला तरी म्हणायचा, "निवेस, तव्यावर झोप लागली काय आज?" आता अर्धी बाजू कोळसा झालेली, तरी एक शब्द नाही. ह्याचं मन ह्याला खात होतं. मला सगळं कळलंय हे मात्र ह्याला अजून ठाऊक नव्हतं.

शेजारी प्रीमो न्हावी उभा होता. त्याच्या जिभेला कात्रीपेक्षा जास्त धार.

"पोरीचा हात चांगला होता गं निवेस," तो म्हणाला, "पण मनगट उतावळं. वळणातून बाहेर पडताना रेस लिंबासारखी पिळायची असते, थेंब थेंब. धुणं पिळतात तशी नाही."

दोघेतिघे हसले. आत, पडद्यामागे, माझी नात विओला पाय स्टुलावर लांब करून पालेभाजी चिरत बसली होती. सुरीचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला, जरा हळू.

"तू बोल की लेआर्को," प्रीमोने त्याला कोपर मारलं. "तूच शिकवलंस ना तिला? गुरूची लाज घालवली पोरीने."

लेआर्को कॉफी ढवळत होता. तो कॉफीत साखर घेत नाही.

"झालं ते झालं," तो म्हणाला. "पोर वाचली ना."

पोर वाचली. पोरीचं नाव वाचलं नाही, आणि आमच्या खोऱ्यात नाव म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. इथे जावई बघायला गेले तरी पगार मागाहून विचारतात, आधी विचारतात वळण कसं घेतो. माझा नवरा विन्दिचे मेला तेव्हा त्याच्या शवपेटीमागे गावातली प्रत्येक मोटरसायकल होती, आणि पाद्रीबाबांनी त्याच्याबद्दल जे बोलायचं ते इंजिनांच्या आवाजात कुणाला ऐकूसुद्धा आलं नाही. कुणाची तक्रार नव्हती.

मी दुसरीपर्यंत शिकले. सही करते, हिशेब बोटांवर करते. पण विन्दिचेच्या हाताखाली तीस वर्षं दिवा धरून उभी राहिले आहे, आणि दिवा धरणाऱ्याला सगळं दिसतं. टपरीच्या मागची शेड ही त्याची. त्याचं बाक, त्याचे पाने तसेच आहेत. लेआर्को त्याचा जिवाचा दोस्त, म्हणून शेड त्याला कायम उघडी. विओलाचा बाप्तिस्मा झाला तेव्हा तिला हातात धरणारा धर्मबापही तोच.

विओलाने गाडी स्वतःच्या कमाईची घेतली. दोन उन्हाळे समुद्रकाठच्या हॉटेलात चादरी बदलल्या, मग दुकानात गेली आणि जी बघून ठेवली होती तीच घेतली. राखाडी रंगाची, अंगावर प्लास्टिकचं कवच नसलेली, सगळं इंजिन उघड्यावर, रुंद हँडल, बसकी सीट. उभी असली तरी पळायच्या बेतात वाटायची. लायसन्स नवं असलं की पहिली दोन वर्षं पूर्ण ताकदीची गाडी चालवता येत नाही, असा कायदा आहे. म्हणून दुकानदार इंजिनाच्या घशात, हवा जाते तिथे, धातूच्या दोन चकत्या बसवून देतो, मधे लहानसं भोक असलेल्या. हवा कमी जाते, गाडी निम्मीच ताकद देते. दोन वर्षांनी चकत्या काढायच्या. सरकारने केलेल्या कायद्यांना मी आयुष्यभर शिव्या घातल्या, पण हा एक मला पटला होता.

आमच्या बाप्यांना पटला नव्हता. गळा आवळलेलं इंजिन म्हणजे त्यांना घरात विटाळ झाल्यासारखं.

"विन्दिचेची नात," लेआर्को म्हणाला होता, "आणि खच्ची केलेल्या बैलावर?"

"काका, माझा बैल दोन वर्षांनी परत वळू होतो," विओला म्हणाली. "तुमचं काय ते सांगा."

सगळी टपरी हसली. लेआर्कोही हसला, पण त्याचे कान लाल झालेले मी पाहिले.

ती रोज खाली फाएन्झा शहरात नर्सिंगच्या वर्गाला जायची, आणि परत आली की टपरीपासून खिंडीपर्यंत एक फेरी मारायची. टपरीतून पहिलं वळण सरळ दिसतं. त्याच्या बाहेरच्या अंगाला जुनी दगडी भिंत आहे. ती मला समजावून सांगायची, "आजी, वळणातून गाडी सरळ झाली की मी पूर्ण रेस देते. ही गाडी देऊन देऊन किती देणार? म्हणून सगळं मागता येतं." आणि तसंच करायची, सुईने टाका घालावा तसं. मी पियादा उलटायचं सोडून बघायची.

नोव्हेंबरात, सान मार्तिनोच्या सणाला तिचा वाढदिवस असतो. त्या दिवशी लेआर्कोने गाडी दुपारभर शेडमध्ये घेतली. "सर्व्हिसिंग, माझ्याकडून भेट," म्हणाला. मीच त्याला दारात कॉफी नेऊन दिली.

दुसऱ्या दिवशी विओला वर गेली. मी पीठ मळत होते. वळणावरून आवाज आला, आणि तो तिच्या गाडीचा आवाज नव्हता. कुणीतरी मोठ्या जनावराची शेपटी पिरगाळल्यासारखा होता. मी मान वर केली तेव्हा भिंतीपाशी धूळ होती.

गुडघ्याचा चुरा झाला. डॉक्टरांनी जोडायचं तेवढं जोडलं, पण पाय पुरता वाकत नाही, वाकणारही नाही. इस्पितळात ती आधी म्हणायची, "आजी, रोजच्याइतकीच पिळली होती गं." मग लोक भेटायला येऊ लागले, प्रत्येकजण संत्री आणि शहाणपण घेऊन. हळूहळू ती म्हणायला लागली, "जास्तच पिळली असणार." शेवटी शेवटी फक्त, "माझीच चूक." घरी आली आणि हेल्मेट चर्चच्या दानपेटीशी ठेवून आली. गाडी शेडमध्ये ताडपत्रीखाली गेली. नर्सिंगचा वर्ग सुटला. टपरीवर गिऱ्हाइकं आली की ती पडद्यामागे जायची. जी पोर लेआर्कोला भर गर्दीत वळू-बैल ऐकवायची, ती आता प्रीमो न्हाव्याला तोंड देईना.

आणि लेआर्को रोज येत होता, कॉफी पीत होता आणि ऐकत होता.

मार्चमध्ये, सान जुझेप्पेच्या सणाच्या सुमारास मी शेड झाडायला काढली, मोसम सुरू व्हायच्या आधी काढते तशी. विन्दिचेच्या बाकावर बिस्किटाचा एक डबा आहे, सुटे नटबोल्ट टाकायचा. झाकण उघडलं तर वरच दोन चकत्या. स्वच्छ, चकचकीत, मधे लहान भोक. विन्दिचेच्या काळात अशी वस्तू नव्हतीच. मी ताडपत्री ओढली, पाना घेतला, इंजिनाच्या घशावरच्या रबरी नळीची पट्टी सैल केली आणि बोट आत घातलं. बोट आरपार गेलं. चकत्या नव्हत्या.

मी जमिनीवर बसले. रडले नाही. भेट दिली होती म्हणे. पोरीला न सांगता तिच्या गाडीचा गळा मोकळा केला होता, कारण ह्याला खोऱ्यात लाज वाटत होती. आणि पोरीने रोज मागायची तेवढंच मागितलं, आणि गाडीने दुप्पट दिलं.

पोलिसांकडे गेले असते तर पहिला दंड तिलाच, गाडी तिच्या नावावर. आणि मला दंड नको होता. मला ते तोंड उघडलेलं हवं होतं, सगळ्यांसमोर, ज्या लोकांनी पोरीचं मनगट धुण्यावर नेलं त्या सगळ्यांसमोर.

तरी मी त्याला एक संधी दिली. मी कंजूष आहे, पण अन्यायी नाही. एका दुपारी टपरीवर दुसरं कुणी नसताना मी त्याच्यापुढे वाइनचा पेला ठेवला आणि विचारलं, "लेआर्को, सान मार्तिनोला तू पोरीच्या गाडीचं काय काय केलं होतंस रे?"

त्याने पेला उचलला. "तेल बदललं. चेन ओढली. का गं?"

"सहज."

"त्याचा काही संबंध नाही हं निवेस," तो म्हणाला. मी संबंधाचं काही विचारलंच नव्हतं.

त्या घटकेला तो म्हणाला असता, निवेस, मी गाढव आहे, तर मी त्याच्या टाळक्यात लाटणं घातलं असतं आणि प्रकरण तिथेच मिटलं असतं. त्याने पेला रिकामा केला आणि वाइन छान आहे म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून मी त्याचा पियादा करपवायला सुरुवात केली. हे फक्त हात गरम ठेवायला.

ईस्टरनंतरच्या रविवारी आमच्याकडे मोटरसायकलींना आशीर्वाद देतात. टपरीला लागूनच मारियामातेची देवळी आहे, तिथे डॉन साउरो पाद्री पवित्र पाणी शिंपडतात, मग सगळा तांडा खिंडीपर्यंत चढतो. पुढे कोण, हा प्रश्न कधी पडत नाही. लेआर्को पुढे. तरुणपणी त्याने चढणीची शर्यत जिंकली होती, त्याच लाल, एका सिलिंडरच्या गाडीवर तो निघतो, आणि त्याने रेस पिळल्याशिवाय कुणी क्लच सोडत नाही. ती गाडी शनिवारीच माझ्या शेडमध्ये येते. तो तिला हात लावू देत नाही, बायकोलाही नाही. किल्ली मात्र माझ्याकडे देतो, कारण शेड विन्दिचेची.

त्या शनिवारीही दिली. "सांभाळ," म्हणाला.

"माझीच असल्यासारखी सांभाळते," मी म्हटलं.

दुपारी विओला पायाचा व्यायाम करून घ्यायला तिच्या आईबरोबर फाएन्झाला गेली होती. मी टपरीवर बंदची पाटी लावली. एक चकती बाकावरच्या वाइसच्या जबड्यात धरली आणि कडेने कानस मारली, त्या जुन्या गाडीच्या रबरी नळीत घट्ट बसेल इतकी. हात माझा पक्का आहे, नाहीतर पियादासुद्धा गोल लाटता येत नाही. पट्टी सैल केली, चकती आत सरकवली, पट्टी आवळली, बोटांचे ठसे फडक्याने पुसले. दुसरी चकती ॲप्रनच्या खिशात टाकली. ह्यात कुणाचा जीव जायची भीती नव्हती. त्याने काढून पोरीला पाडलं होतं, मी फक्त घालत होते.

रविवारी ऊन होतं. रस्ता वळणापर्यंत भरला. बाप, पोरं, सासरे, जावई, चामडी जाकिटं, घासून पुसून काढलेल्या टाक्या. मी विओलाला सांगितलं, आज पडद्यामागे बसायचं नाही, गर्दी फार आहे, गल्ल्यावर बस. ती नको म्हणाली. मी म्हटलं, बस म्हणते ना. बसली.

डॉन साउरोंनी पाणी शिंपडलं. लेआर्कोने किक मारली, आणि लाल गाडी नेहमीसारखी सुरू झाली. उभ्या गाडीला तेवढी हवा पुरते. त्याने मान मागे वळवून सगळ्यांकडे पाहिलं, रेस पिळली आणि निघाला.

सपाटीवर गाडी बरी गेली. चढ लागला तशी धापा टाकायला लागली. त्याने आणखी पिळली, गाडी आणखी खोकली. मागचे क्लच दाबून पाय टेकत टेकत त्याच्या मागे रेंगाळायला लागले. मग भोंग्यांचा एक आवाज, मग हसू. वळणाच्या अलीकडेच गाडी बसली. त्याला गाडीचं तोंड फिरवून, पूर्ण तांड्याच्या मधून, उतारावरून टपरीपर्यंत परत यावं लागलं.

"लेआर्को," प्रीमो ओरडला, "सायकलीचा आशीर्वाद पुढच्या रविवारी आहे."

"पेट्रोलऐवजी औषध भर, दम्याचं," मागून कुणीतरी.

 लेआर्कोने गाडी माझ्या दारात स्टँडवर लावली आणि पाना मागितला. मीच दिला. लोक गोल करून उभे राहिले. आमच्याकडे इंजिन उघडलं की जेवणाच्या ताटावरूनही माणसं उठून येतात. त्याने इकडे हात लावला, तिकडे लावला, शेवटी रबरी नळीची पट्टी सैल केली. नळी निघाली, आणि चकती त्याच्या तळहातावर पडली.

त्याने ती ओळखली. मी त्याचं तोंड बघत होते, दुसरं काही बघत नव्हते. एवढ्यासाठी तर मी इतके दिवस गप्प बसले होते.

"हे काय आहे?" प्रीमो पुढे वाकला. त्याला कळायला वेळ लागला नाही. "ही तर नव्या लायसन्सवाल्यांच्या गाडीतली. तुझ्या गाडीत कशी आली?"

"मी घातली," मी म्हणाले.

सगळे माझ्याकडे वळले. मी हात पुसले, खिशातली दुसरी चकती काढली आणि ओट्यावर ठेवली, गिऱ्हाइकाची सुटी मोड ठेवतात तशी.

"ही हिची जोडीदार. आता लेआर्को, तू सांग. ह्या दोघी आधी कुठे होत्या?"

"निवेस," तो हळू म्हणाला. "आत जाऊन बोलू."

"आत माझ्या पोरीने पुष्कळ दिवस काढले. आपण बाहेरच बोलू."

डॉन साउरो पुढे आले. "निवेस, आजचा दिवस..."

"फादर, तुमचं पाणी शिंपडून झालं ना? मग जरा बाजूला उभे राहा."

लेआर्को चकतीकडे बघत होता. त्याचे हात मोठे, काळे, कामाचे. त्याने मूठ मिटली, उघडली.

"विओलाच्या गाडीत," तो म्हणाला.

"मोठ्याने. प्रीमोला कमी ऐकू येतं."

"विओलाच्या गाडीत होत्या. मी काढल्या. सान मार्तिनोला." त्याने चकती बोटांत फिरवली. "तिला सांगितलं नाही. वाटलं, दुसऱ्या दिवशी वर जाईल, गाडी उडेल, हसत परत येईल. म्हणेल, काका, काय केलंत हे." त्याने वळणाकडे पाहिलं. "पोरीची काही चूक नव्हती. तिने बरोबर पिळली होती. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

 प्रीमोने टोपी काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. मी त्याच्याकडे बघून म्हटलं, "धुणं वाळलं का रे?" त्याने मान खाली घातली. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. महिनोन्महिने जो दगड छातीवर होता तो मी त्याच्या छातीवर ठेवला होता, आणि तो तिथे नीट बसला होता.

मग मागे स्टूल सरकल्याचा आवाज आला.

विओला काठी घेऊन ओट्याबाहेर आली. लेआर्कोच्या समोरून गेली, त्याच्याकडे पाहिलं नाही. माझ्यासमोर थांबली. ओट्यावरची चकती तिने उचलली, भोकातून बोट घालून पाहिलं.

"तुला कधी कळलं?"

"सान जुझेप्पेला."

"आणि मला आज सांगतेस."

"सगळ्यांसमोर सांगायचं होतं," मी म्हटलं. "तुझ्यासाठी."

"मी रोज रात्री तुझ्या शेजारी झोपते, आजी," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "रोज झोपायच्या आधी मी ते वळण मनात घ्यायची. माझं कुठे चुकलं म्हणून. तुला माहीत होतं आणि तू कूस बदलून झोपायचीस."

मी ओट्यावरचं पीठ फडक्याने पुसायला लागले.

"त्यानेही मला विचारलं नाही," ती म्हणाली. "तूही नाही."

तिने चकती ओट्यावर परत ठेवली. मी हात पुढे केला, तो तिने घेतला नाही. लेआर्को म्हणाला, "पोरी, मी घरापर्यंत येतो," ते तिने ऐकलं नाही. काठी टेकत ती रस्त्यावर गेली. मला वाटलं घरी चालली, खाली. ती वर वळली. वळणाकडे, भिंतीकडे. इस्पितळातून आल्यापासून ती त्या बाजूला फिरकली नव्हती.

रस्ता गाड्यांनी भरलेला. ती मधून चालत होती आणि गाड्या एकेक करून बाजूला होत होत्या. ती सगळ्यात पुढे गेली. तिच्या पुढे रिकामा चढ, आणि ती, एक पाय सरळ, एक पाय ओढत.

पहिला प्रीमो आपल्या गाडीपाशी गेला. इंजिन बंद केलं, हँडल धरलं आणि गाडी ढकलायला लागला. मग त्याच्या शेजारचा. मग एकेक करून आवाज बंद होत गेले, आणि कुणी कुणाला काही न सांगता सगळा तांडा पायी निघाला, जड जड गाड्या चढावर ढकलत, तिच्या चालीने. तिच्या पुढे कुणी गेलं नाही. ती दमून थांबली की सगळे थांबत. तिने एकदाही मागे पाहिलं नाही.

सगळ्यात शेवटी लेआर्को होता. त्याची गाडी तशीच उघडी, नळी लोंबकळत. तो शेवटी असावा असंच मला हवं होतं.

भिंतीपाशी पोचल्यावर विओला तिच्यावर बसली, दोन्ही पाय रस्त्याकडे करून. तिच्यासमोरून एकेक जण गाडी ढकलत गेला, आणि जाताना प्रत्येकाने मान तुकवली. हे मी टपरीतून पाहिलं. तिचं तोंड एवढ्या लांबून दिसत नव्हतं. तवा तापलेला होता, गिऱ्हाईक कुणीच नव्हतं.